चाकामागचा धुरळा

"मागचा धुरळा कुठे गेला?" बाबांनी विचारलं, आणि कप बशीत ठेवून ते पुन्हा फ्रेमकडे पाहू लागले.

नीरजाचा फ्रेम धरलेला हात कौतुकाच्या शब्दासाठी थांबला होता, तो तसाच राहिला. परवा शुक्रवारी प्रदर्शन. हॉल ठरला, निमंत्रणं गेली, त्यांवर निळ्या ठळक अक्षरांत छापलं होतं : 'बाळ घैसास यांच्या जीपगाड्या'. आणि हे त्यातलं शेवटचं, सगळ्यांत मोलाचं चित्र. बाकीच्या साऱ्या छापील जाहिराती, डीलरांच्या कॅलेंडरांची पानं, पत्र्याच्या पाट्या. हे मात्र मूळ आर्टवर्क, जाड पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेलं. उन्हाळ्यात जुन्या बाजारात एका शिलाई मशिनच्या मागे तोंड लपवून उभं होतं ते. तिने ते बाबांना दाखवलं नव्हतं. काच बसवून, पाठीला नवा पुठ्ठा लावून, आज सकाळच्या चहाबरोबर ती त्यांच्या पुढ्यात घेऊन आली होती, नव्या सुनेने पहिलं ताट वाढावं तशी.

"कुठला धुरळा, बाबा?"

"इथला." त्यांचं बोट जीपच्या मागच्या चाकाशी गेलं, तिथून डावीकडे कोपऱ्यापर्यंत हळूहळू सरकलं. तिथे फिकट निळं आभाळ होतं आणि दुसरं काही नव्हतं. "गाडी चाललीये आणि मागे काहीच नाही. काचेवरून चाललीये का?"

"तुम्हीच काढलीये ना. तुम्हाला ठाऊक."

"मी? गाडी तात्यारावांची. स्टुडिओत गाड्या सगळ्या तात्यारावच काढत. मला चाक कधी जमलं नाही, लंबगोल व्हायचं. मी धुरळा काढायचो." एवढं बोलून त्यांनी कप उचलला, चहा निवला म्हणून तोंड वाकडं केलं आणि पेपर उघडला. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणूस एवढं सरळ बोलून मोकळा होऊ शकतो, आणि ऐकणाऱ्याने मात्र उभ्या जागी काय करावं हे कुठे लिहिलेलं नसतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तिच्या आवाजाला धार आली. "प्रत्येक जाहिरात तुम्हाला आणून दाखवली मी."

"दाखवलीस. विचारलंस कुठे?"

ती आत गेली. मग बाहेर आली. मग फ्रेमच्या मागचे हूक विकत आणायचे आहेत असं कुणाकडेही न बघता म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली. हूक घरात डबाभर होते. गाडीची किल्ली पर्समध्ये सापडेना, ती हातातच होती. ॲक्टिव्हा चालू केली तेव्हा तिला कळलं की आपण बाबांवर चिडलोच नाही आहोत. हे दुसरंच काही आहे, आणि ते आता कर्वे रोडच्या रहदारीत आपल्याला गाठणार आहे.

गाठलंच. मेट्रोच्या खांबाखाली सिग्नलला उभी असताना तो कापूस डोळ्यांपुढे आला. पुठ्ठा घरी आणला तेव्हा जीप अशी झगझगीत होती की आत्ताच धुऊन उभी केली असावी, पण चाकामागे कोपरा सगळा डागाळलेला. बारीक बारीक ठिपके, दाट आणि विरळ. बुरशी, तिने ठरवलं. संग्राहकाच्या डोळ्याला बुरशीचं भय आधी दिसतं, चित्र मागाहून. संग्राहकांच्या ग्रुपवर तिने स्वतःच कितीदा लिहिलं होतं, की डाग दिसला तर वाट पाहू नका, आज कोपऱ्यात आहे, उद्या बोनेटवर येईल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुठ्ठा ठेवून, कापूस पाण्यात बुडवून, पिळून, तिने तो कोपरा हलक्या हाताने पुसला. किती सहज निघालं ते. लहान मुलाच्या तोंडाला लागलेलं पिठलं निघावं इतकं सहज. खाली स्वच्छ आभाळ लागलं तसा तिला आनंद झाला होता. तो आनंद तिला अजून जसाच्या तसा आठवत होता. ओट्यावरचं ऊन, कुकरची शिट्टी, आणि छातीत भरून आलेलं ते समाधान. बाबांचा हात जगात शेवटचा ज्या वीतभर जागेवर उरला होता, तो तिने समाधानाने पुसला होता आणि कापूस चहाच्या चोथ्यावर टाकला होता.

मागून हॉर्न वाजले. "मावशी, हिरवा झालाय, यापेक्षा जास्त हिरवा नाही होत," एक दुचाकीवाला म्हणाला आणि बाजूने निघून गेला.

ती वळली ती डहाणूकर कॉलनीच्या उतारावर, उगाचच. आई गेल्यावर फडताळ रिकामं करताना तळाशी अंथरलेलं एक पान मिळालं होतं. कुठल्याशा डीलरचं कॅलेंडर, त्यावर घाट चढणारी जीप. बाबा दारात उभे होते. त्यांनी पान हातात घेतलं, खालचा कोपरा अंगठ्याने चाचपला आणि मान डोलवली. त्या एका डोलवण्यावर तिने पुढची वर्षं बांधली. स्वतःचा संसार मोडून, लहानग्या तनयाला घेऊन ती या घरात परत आलेली. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहायच्या, आणि वडिलांची मात्र एक सही जगात कुठे नाही. जाहिरातीवर चित्रकाराचं नाव नसतं. पुण्यातल्या एका जिन्याखालच्या 'रेखा आर्ट सर्व्हिस'मध्ये उभा जन्म काढून माणूस रिकाम्या हाताने घरी आला होता, कोटाच्या बाहीला रंग लागलेला, बस्स. तेव्हा तिने जीप गोळा करायला घेतल्या. बुधवारी-रविवारी जुना बाजार, रद्दीची दुकानं, बंद पडलेली गॅरेजं. जुन्या बाजारातले लोक तिला जीपवाल्या मॅडम म्हणू लागले. एखादी जीप मिळाली की ती घरी आणून बाबांपुढे धरी, आणि बाबा दर वेळी तेच करीत. खालचा कोपरा, अंगठा, मान. ते छापखान्याचं नाव शोधत असतील असं तिला वाटे. जीपकडे ते कधी बघतच नसत, हे तिला आज, भर उतारावर, ब्रेक दाबताना उमगलं.

आणि मग डुप्लिकेट. या आठवणीने तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. एका गुलमोहराखाली, एका क्लासच्या पाटीला टेकून ती उभी राहिली. तीच जीप, तोच कोन, तोच पगडीवाला चालवणारा, अशी कॅलेंडरं तिला बरीच मिळाली होती. खाली डीलराचं गाव तेवढं वेगळं. संग्राहक काय करतो? सगळ्यांत स्वच्छ प्रत ठेवतो, बाकीच्या बदलून टाकतो. तिनेही हेच केलं होतं. ज्या पानांचा कोपरा मळका, ती दिली. हडपसरच्या शुभंकरला दिली. आयटीतला पोरगा, मोठा उत्साही, बदल्यात त्याने तिला पत्र्याची एक सुरेख पाटी दिली होती. तिने फोन लावला.

"मॅडम, बोला ना. शुक्रवारी येतोय, रिमाइंडर लावलाय."

"ती कॅलेंडरं रे, मी दिलेली. आहेत?"

"कुठली, त्या सेम टू सेमवाली? ती मी माझ्या मित्राच्या कॅफेला दिली. सोलापूर रोडला. मस्त दिसतात. लॅमिनेट करून टेबलावर लावलीत."

"टेबलावर म्हणजे?"

"टेबल-टॉप. म्हणजे वर मिसळ ठेवतात, खाली जीप. व्हाइब चांगला येतो. काही प्रॉब्लेम झाला का, मॅडम?"

"मला त्यांचे फोटो पाठव. आत्ता. वरच्या बशा बाजूला करून."

तिथेच गुलमोहराखाली फोटो येऊन पडले. ट्यूबलाइटची तिरीप, तर्रीचा एक लाल ओघळ, कांद्याचा तुकडा. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जीपवरून खाली, चाकाच्या मागे. तिथे धुरळा होता. रत्नागिरीच्या डीलरच्या कॅलेंडराच्या टेबलावर लालभडक, जड, चाकापासून फार वर न उठणारा. नगरच्या टेबलावर पांढुरका, हलका, अर्धं आभाळ व्यापणारा. सोलापूरच्या टेबलावर काळपट, ढेकळाढेकळांचा. तीच गाडी एका जागी उभी होती आणि धुरळा तिला गावोगाव फिरवत होता. नीरजाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वडिलांचं काम पाहिलं, आणि त्यावर कुणीतरी पाव ठेवलेला होता.

आईची एक ओवी होती. पुरंदरकडची आई, शहरात येऊनही जात्याची सवय तिच्या जिभेवरून गेली नव्हती. मिक्सर लावला तरी त्याच्या घरघरीवर ती ओवी धरायची.

वाटेच्या धुळीला बाई, नावं मी कशी ठेवू
बंधवाच्या आधी येते, तीच दारी मला भेटू

बाबा त्या वेळी पेपरामागून म्हणायचे, "कमलाबाई, तुमच्या बंधूंच्या आधी त्यांचा आवाज येतो." आई हसायची. पण पुढच्या आठवड्यात बाबा एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कुठेसे जाऊन यायचे, शर्टाची दशा करून. "तिथे कुठे नोकरी आहे का तुम्हाला?" आई कपडे भिजवताना विचारायची. "बघून आलो," एवढंच ते म्हणत. काय बघून आले हे कुणी विचारलं नाही. दाखवलीस, विचारलंस कुठे. शेवटच्या बाकावरून मागच्या काचेत काय दिसतं, हे आता ती सांगू शकली असती. पण सांगायचं कुणाला. क्लास सुटला होता, पोरं सायकली काढत होती, आणि हेल्मेट घातलेली एक बाई झाडाखाली मोबाइलवर मिसळीचे फोटो बघून डोळे पुसतेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

घरी तनया ऑफिसातून लवकर आली होती. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, त्यावर प्रदर्शनाचं पोस्टर.

"आई, फोन का उचलत नाहीस? आजोबांनी मला सगळं सांगितलं. म्हणजे लिटरली एका वाक्यात. पोस्टर अजून प्रिंटला नाही गेलंय. टायटल चेंज करायचं असेल तर आत्ता बोल."

"काय करू चेंज? 'बाळ घैसास यांच्या नसलेल्या जीपगाड्या'?"

"'रेखा आर्ट सर्व्हिसच्या जीप' असं कर ना. सिंपल. आणि तात्याराव कोण ते पण लिही."

सोपं होतं. ती पोरगी बरोबर बोलत होती, आणि नीरजाला तिचं बरोबर असणं सहन होत नव्हतं. नाव बदलता येईल. परवा भिंतीवर तात्यारावांचं नाव लागेल, ते लागायलाच हवं. पण त्याच भिंतीवर, बाबांसमोर, पुसलेला कोपरा टांगला जाईल, आणि तो वाळवीने खाल्लेला नाही, पाण्याने गेलेला नाही, हे जगात फक्त तिला ठाऊक असेल. की सांगायचं? अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं की तुमचं एवढंच उरलं होतं आणि ते मी धुतलं? न सांगता त्याच्या ताटात भात वाढत राहायचा? ती गॅलरीत गेली, कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं. पाणी कुंडीखालून वाहून फरशीवर आलं.

बाबा दुपारची झोप झाल्यावर फ्रेमजवळच येऊन बसले होते. तिने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"बाबा, तो धुरळा मी पुसला."

त्यांनी चष्मा वर केला.

"मला बुरशी वाटली. ओल्या कापसाने पुसला. सगळा निघाला."

"निघणारच. पोस्टर कलर होता." त्यांनी काचेवर नख वाजवलं. "गाडी आणि आभाळ ऑइलमध्ये, धुरळा पोस्टर कलरमध्ये. त्यात साबणाचं पाणी घालायचं, म्हणजे तेलावर धरतो. आप्पासाहेबांची अक्कल. आमचे मालक. ते म्हणाले, गाडी सगळीकडे तीच आहे, रस्ता मात्र गिऱ्हाइकाला आपला वाटला पाहिजे. मग मी रत्नागिरी काढायचो, पुठ्ठा फोटो काढून छपाईचा ब्लॉक करायला जायचा, तो परत आला की ओल्या कापसाने रत्नागिरी पुसून नगर काढायचो. पुन्हा पुसायचं. सोलापूर. आम्ही काय, रोजच पुसायचो."

"रोज?"

"तू एकदा पुसलंस. फार काही मोठं काम केलेलं नाहीस."

ती हसली, आणि हसता हसता तिने फ्रेमचे खिळे तपासायला घेतले. माफी मिळाली होती, आणि इतक्या स्वस्तात मिळाली होती की ती कुठे ठेवावी हे कळेना. रोज पुसायचे. मग उभ्या जन्मात या माणसाने उरेल असं काही केलंच नव्हतं, आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं. त्रास तिलाच होता, सगळा.

"शेवटचा कुठला होता, बाबा? मी पुसला तो?"

"मला काय आठवतंय. स्टुडिओ बंद झाला तेव्हा घाईत काहीतरी दिला असेल. कापूस तू पाहिलास. कसला रंग आला होता?"

नीरजाने डोळे मिटले. ओटा दिसला. ऊन, शिट्टी, पिळलेला कापूस. कापूस मळला होता, पण कसा? लाल? राखी? तिने त्या दुपारचा कोपरान् कोपरा शोधला, तिथे फक्त स्वतःचं समाधान पसरलेलं होतं, कडेपर्यंत, रंग असा नव्हताच. "नाही आठवत," ती म्हणाली, आणि सकाळपासूनची सगळी तगमग या दोन शब्दांत येऊन बसली. तो रस्ता गेला. आता कुणी सांगू शकणार नाही की स्टुडिओची शेवटची जीप कुठे निघाली होती.

"मग नवा सांग," बाबा म्हणाले.

"काय?"

"शुक्रवारी टांगणार आहेस ना? ही गाडी अशी काचेवरून चालवणार लोकांसमोर? तात्याराव असते तर हाकलून दिलं असतं मला. तनया, ही काच काढ. आणि कुणाचातरी जुना दात घासायचा ब्रश आण. जुना, फिस्कारलेला. नव्याने धुरळा होत नाही, पाऊस होतो."

तनयाने आईकडे पाहिलं. घरातल्या कुणाचाही ब्रश फिस्कारला की तो कोटाच्या खिशात घालून नेणारे बाबा नीरजाला एकाएकी दिसले. आईचा, तिचा, पाहुण्या आत्याचासुद्धा. आणि त्याच क्षणी तिच्यातली संग्राहक ताठ उभी राहिली. मूळ चित्रावर नवा रंग? यासाठी तिने माणसं ग्रुपवरून काढून टाकली होती. पाटीवर नवा हात मारणं म्हणजे मेलेल्याला पावडर लावणं, असं तिने लिहिलं होतं. हा पुठ्ठा जसा मिळाला तसाच राहायला हवा. पण जसा मिळाला तसा तो राहिला नव्हताच, आणि मिळाला तोही कशावरून पुरा होता? तो तर थांबला होता. कुठल्यातरी जिल्ह्यापाशी, पुसला जायची वाट बघत.

"आई, काढू काच?"

"काढ," ती म्हणाली.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. तनयाच्या जुन्या शाळेच्या रंगपेटीतल्या बाटल्या निघाल्या. सुकलेल्या, पण पाण्याने जाग्या झाल्या. साबणाचा तुकडा वाटीत घोळला. बाबांनी रुमाल गळ्याशी खोवला.

"कुठला जिल्हा?"

नीरजाने खिडकीबाहेर पाहिलं. सिमेंटचा रस्ता, सोसायट्यांची फाटकं, फुलझाडांना पाणी घालणारा टँकर. इथे कुठला धुरळा. तरी तिच्या तोंडून निघालं, "कोथरूड."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "कोथरूड कधी कुणी मागितलंच नाही," ते म्हणाले. "इथे डीलरच नव्हता. रस्ताही कसला, बैलगाडीची वाट. पिवळट असायचा इथला. वाळलेल्या गवताचा भुसा मिसळलेला. तू टेकडीवरून पळत यायचीस तेव्हा तुझ्यामागेसुद्धा उठायचा."

त्यांनी पिवळा घेतला, चिमूटभर पांढरा, ब्रशच्या टोकाने किंचित काळा. अंगठ्याने ब्रशचे केस मागे ओढून रंग कागदावर एकदा उडवून पाहिला. मोठमोठे थेंब पडले. "हा पाऊस," ते स्वतःशीच म्हणाले, ब्रश झटकला, पुन्हा उडवला. आता बारीक. पुन्हा. आणखी बारीक. मग ब्रश चाकाच्या मागे नेला, अंगठा केसांवर टेकवला, आणि ते थांबले.

थांबलेच. तनयाने मोबाइल वर धरला होता, तो तिने खाली घेतला. हात हवेत होता आणि अंगठा हलत नव्हता. नीरजाला वाटलं, विसरले. मग वाटलं, दमले. मग तिच्या मनात नको ते आलं आणि ती अर्धी उठली.

"बाबा, काय झालं?"

"कुणीतरी सांगावं लागतं," ते म्हणाले. त्यांची नजर पुठ्ठ्यावरून हलली नाही.

"काय सांगावं लागतं?"

"गाडी झाली म्हणून. तात्याराव ब्रश खाली ठेवायचे, मागे सरायचे, बघायचे, आणि म्हणायचे. त्याआधी धुरळा सोडायचा नाही. एकदा पडला की गाडीला हात लावता येत नाही. तात्याराव तर नाहीत. तू बघ."

नीरजा खुर्चीवरून उठली, मागे सरली, पार भिंतीपर्यंत. इतक्या जीप गोळा केल्या, पण हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. गाडी झाली का? तिने बोनेट पाहिलं, दिव्याच्या काचेतला तो एक पांढरा ठिपका, पगडीवाल्याची स्टिअरिंगवरची मूठ. बाबांच्या नव्हे, तात्यारावांच्या हाताने काढलेलं चाक, इतकं गोल, इतकं निश्चिंत. डाव्या मडगार्डवर एक रेघ किंचित हललेली तिला दिसली; कधीच दिसली नव्हती. तात्यारावांना दिसली असेल का? त्यांनी ती तशीच ठेवली असेल का? तिला पुन्हा एकदा सगळं थांबवावंसं वाटलं, काच घालावी, खिळे ठोकावेत, आणि समोर हवेत धरलेला तो हात तर फार वेळ धरता येणार नव्हता, कोपर आता टेबलाकडे कलायला लागलं होतं.

"झाली, बाबा," ती म्हणाली. "झाली गाडी."

अंगठा हलला.